शॉकिंग पाहुणचार

"अरे, तुझ्या गाडीचं दार चावतं!"

सकाळचे साडेसहा, नाशिकचा ऑगस्टमधला रिपरिप पाऊस, आणि दारात मावशी. एका हाताने दुसरा हात चोळत उभी. अनवाणी, नुकतीच तुळशीला पाणी घालून आलेली, खाली ओली शहाबादी फरशी. आमच्यातला आयटीवाला आतून, पांघरुणातूनच म्हणाला, "मावशी, स्टॅटिक असेल हो. थंडीत स्वेटरला येतं ना, तसं."

भर पावसात स्टॅटिक! पण तेव्हा मीही मान डोलावली. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट ऐकल्यावर तुम्ही मला हेच विचारणार आहात.

तर झालं असं. पंधरा ऑगस्टला जोडून लाँग वीकएंड होता. अप्रेझलचा निकाल नुकताच लागला होता आणि तो साजरा करण्यासारखा नव्हता. म्हणून एक बँकवाला, एक आयटीवाला आणि मी अशा तिघांनी एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. आत दोन बंक, छोटा फ्रीज, सिंक, एक टनाचा एसी, वर सोलर पॅनल. फोटो काढायला सॉलिड. इगतपुरीचं धुकं, गंगापूर धरणाच्या काठावर चहा, मग मिसळ, असा बेत होता. रात्री मुक्काम कुठे, तर अर्थातच गाडीत. पण गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत सख्खी मावशी राहत असताना तिच्या घरावरून गाडी पुढे नेणं म्हणजे कायमचं वैर. "गाडीत झोपायचं तर झोपा, पण माझ्या अंगणात झोपा," असा हुकूम आला.

अंगण मोठं आहे. बंगला १९७४ चा, दारात आंबा, मागे नळ. गाडी लावली आणि प्रश्न आला विजेचा. दिवसभर ढग, सोलरने हात वर केले होते, गाडीची बॅटरी निम्म्यावर. गाडीच्या मालकाने चावी देताना "घरी कुठेही प्लग लावा, चालतं" एवढंच सांगितलं होतं. गाडीच्या केबलची पिन जाड, १६ अँपिअरची. हॉलच्या खिडकीतला बोर्ड जुना, ५ अँपिअरचा. मध्ये काय घातलं? अहो, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो तो कन्व्हर्टर. जाड पिनला बारीक करणारा. त्याला वरची तिसरी पिन नव्हतीच. त्याच्यापुढे मावशीकडची गणपतीच्या माळांसाठी घेतलेली २५ मीटरची वायर. तिची लांबी खूप होती, म्हणून उरलेली वायर रिळावर तशीच गुंडाळून ठेवली. दिसायला कसं नीटनेटकं! एसी सुरू झाला, आम्ही झोपलो.

सकाळी बँकवाल्याने इलेक्ट्रिक किटली लावली. मावशी बाहेर आली ती त्यासाठीच. किटलीचा चहा हा आजारी माणसाचा चहा असतो असं तिचं मत आहे, आणि घरात आल्याचा चहा उकळत असताना आम्ही बाहेर हे उद्योग करतोय हे तिला बघवेना. तिने दाराचं हँडल धरलं आणि दार चावलं.

काका बाहेर आले ते पायात स्लिपर अडकवूनच. ते आयुष्यभर अंबडच्या एमआयडीसीत एका स्विचगिअरच्या कारखान्यात होते. म्हणजे लोकांच्या घरातले ब्रेकर बनवण्यात त्यांची हयात गेली. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये असे अनेक कारखाने आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. काकांनी मावशीला एक शब्द विचारला, "कुठे?" आणि ते गाडीकडे यायच्या ऐवजी उलटे वळून घरात गेले. खट! घराचा मेन स्विच बंद. मग खिडकीतून ओरडले, "कुणी कशाला हात लावू नका. आत आहात ते आतच बसा."

आम्ही बसलो. पाच मिनिटांनी त्यांनी खिडकीतला प्लग हातात धरून दाखवला. कन्व्हर्टरची एक बाजू तपकिरी झाली होती. रिळाला हात लावला तर ते चक्क गरम. त्याला जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला होता आणि आम्ही तो चहाच्या उत्साहात घेतलाच नव्हता.

मग काकांनी आमची शाळा घेतली. ओट्यावर बसून, आल्याचा चहा पीत.

पहिला प्रश्न माझा होता. आम्ही तिघं रात्रभर आत होतो, सिंकला हात लावत होतो, दाराला लावत होतो, मग आम्हाला काही कसं झालं नाही? काका म्हणाले, तारेवर बसलेल्या कावळ्याला काय होतं? सगळी गाडीच एका व्होल्टेजवर उभी होती आणि तुम्ही त्या व्होल्टेजच्या आत. खाली रबराची चार चाकं. करंटला जमिनीत जायला वाटच नाही. ती वाट मावशीने दिली. एक हात गाडीला आणि अनवाणी पाय ओल्या फरशीवर. कॅराव्हॅनचा धोका घरापेक्षा वेगळा आहे तो एवढ्यासाठीच. तो आत बसलेल्याला कळत नाही, दार उघडून एक पाय खाली टाकणाऱ्याला कळतो. आणि आम्ही? आम्ही उतरत होतो तेव्हा रबरी चपला घालून उडी मारत होतो.

दुसरा प्रश्न, हा करंट आला कुठून? गाडीत बिघाड होता का? तर गंमत अशी की बहुधा नव्हता. गाडीतल्या बॅटरी चार्जरमध्ये, तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरमध्येही, गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. त्यातून एक मिलिअँपिअरच्या आसपास करंट सतत झिरपत असतो आणि तो तिसऱ्या पिनेवाटे मुकाट्याने जमिनीत जाणं अपेक्षित असतं. तिसरी पिनच नसेल, तर गाडीचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. तेवढ्याने माणूस मरत नाही, मुंग्या येतात. "आज फिल्टर होता," काका म्हणाले. "उद्या तुमच्या त्या किटलीचं एलिमेंट फुटलं असतं, तर याच दारावर पूर्ण २३० असतं आणि मागे अख्खं महावितरण."

बँकवाला गप्प झाला. आयटीवाल्याने स्टॅटिकचा विषय पुन्हा काढला नाही.

वायरचा हिशेब काकांनी वर्तमानपत्राच्या मार्जिनमध्ये केला. तो मी जपून ठेवलाय. एसीचे १२०० वॉट आणि किटलीचे १५००, मिळून २७००. भागिले २३०, म्हणजे जवळजवळ १२ अँपिअर. ५ च्या बोर्डातून! गणपतीची वायर पाऊण स्क्वेअर एमएमची. २५ मीटर जायचे, २५ यायचे, मिळून ५० मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स सव्वा ओहमच्या थोडा वर. बारा अँपिअरला त्यात पावणेदोनशे वॉटच्या आसपास नुसती उष्णता. शंभरचे दोन जुने बल्ब एका रिळात कोंबून रात्री उशाशी ठेवल्यासारखं. वायर मोकळी पसरली असती तर ती उष्णता हवेत गेली असती. आम्ही ती नीट गुंडाळली होती! हीच वायर अडीच स्क्वेअरची असती, तर उष्णता एक तृतीयांशाहूनही कमी. आणि फ्यूज का उडाला नाही? काकांनी किटकॅट काढून दाखवला. कधीतरी दिवाळीत उडाल्यावर कुणीतरी त्यात हातात येईल ती जाड तार घातली होती. कुणी, ते कुणालाच आठवेना. अशा गोष्टी घराघरात आपोआप होतात.

शिवाय तो बोर्ड घराच्या इन्व्हर्टरवरचा निघाला. रात्री लाईट गेली असती, तर त्या बिचाऱ्या इन्व्हर्टरने आमचा एसी ओढायचा प्रयत्न केला असता. पण हे जाता जाता.

मी म्हटलं, ठीक आहे, चुकलं. मागच्या पडवीत वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे ना? तीन भोकांचा, जाड. चांगली वायर आणतो आणि तिथे लावतो. विषय संपला.

काकाही हो म्हणाले. तरी सवय म्हणून त्यांनी आतून टेस्ट लॅम्प आणला. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. हा वायरमन लोकांचा स्टेथोस्कोप. (टेस्टरवर विसंबू नका म्हणाले. टेस्टर फक्त फेज कुठे आहे ते सांगतो, अर्थ आहे की नाही हे त्याच्या बापालाही कळत नाही.) मेन चालू केला. फेज-न्यूट्रलमध्ये लॅम्प लावला, लख्ख. फेज-अर्थमध्ये लावला, तोही लख्ख. मी म्हटलं, झालं! अर्थिंग आहे.

काका लॅम्पकडे बघत राहिले. "फारच लख्ख आहे," म्हणाले.

मेन पुन्हा बंद. बोर्डाचे स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली. आत तीन वायरी असायला हव्या होत्या. होत्या दोन. आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवरून वरच्या अर्थच्या टर्मिनलवर एक बोटभर लांबीचा तुकडा टाकलेला. काळा, व्यवस्थित घट्ट पिळलेला. वायरमनच्या भाषेत लूप.

हे काय आहे ते समजायला मला वेळ लागला, म्हणून तुम्हालाही सावकाश सांगतो. न्यूट्रल ही करंटची परतीची वाट. यंत्र चालू असताना तिच्यातूनही तेवढाच करंट वाहत असतो, फक्त तिचं व्होल्टेज जमिनीच्या जवळ असतं म्हणून ती साधीभोळी वाटते. काही वायरमन काय करतात, जमिनीत खड्डा खणून अर्थिंग आणण्याचा खर्च वाचवायला न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लागतो, गिऱ्हाईक खूश. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटते, म्हणजे मीटरपाशी, जुन्या जॉइंटमध्ये, खांबावर, त्या दिवशी परतीची वाट बंद होते. मग चालू यंत्रातून आलेली फेज त्या बोटभर तुकड्यावरून थेट बॉडीवर चढते. आमच्या बाबतीत बॉडी म्हणजे वीस फूट लांब पत्र्याची गाडी. ५ च्या बोर्डाने आम्हाला मुंग्या आणल्या होत्या. हा जाड, मजबूत, तीन भोकांचा पॉइंट बरंच काही करू शकला असता, आणि मी तो स्वतःच्या अकलेने निवडला होता.

"हा कुणी केला?" मी विचारलं.

काका लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "२००३. दिवाळीच्या आधी मशीन आणलं तेव्हा. शॉक मारत होतं. वायरमन म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, खड्डा करायचा तर दोन दिवस जातील. मी शिफ्टला निघालो होतो. म्हटलं, सध्या कर, मग बघू."

मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही मला मशीन लावताना चपला घालायला सांगितलं होतं होय?"

दिव्याखाली अंधार ही म्हण आपण किती सहज वापरतो. जो माणूस रोज हजारो ब्रेकर तपासून पास करायचा, त्याच्या घरात एकही नव्हता. काका प्लेट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी धरण रद्द, मिसळ रद्द. काकांनी स्वतः हात लावला नाही. "मी बनवायचो, जोडायचो नाही. जोडायला परवानावाला माणूस लागतो," म्हणाले. दुपारी परवानाधारक वायरमन आला. त्याने विचारलं, मूळ अर्थिंग कुठे आहे? तेव्हा शोध लागला की मागच्या नळाजवळ सिमेंटचा चौकोन आहे आणि त्यावर मावशीची कढीपत्त्याची कुंडी आहे. खाली १९७४ चा अर्थपिट, कोळसा-मीठ भरलेला, आणि घराकडे जाणारी पट्टी गंजून तुटलेली. काकांची आई उन्हाळ्यात रोज तिथे बादलीभर पाणी ओतायची म्हणे. का, ते कुणी विचारलं नाही. त्या गेल्या आणि पाणीही थांबलं. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, हे त्या माउलीला कुणीतरी सांगितलेलं असणार.

संध्याकाळपर्यंत नवा इलेक्ट्रोड, नवी पट्टी. वायरमनने अर्थ टेस्टर लावला, ६ ओहम आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "आत्ता पाऊस आहे साहेब. काळी माती आहे, मे महिन्यात भेगा पडतील तेव्हा परत मोजा."

आणि मग ज्या गोष्टीसाठी हा कॉलम लिहितोय ती. मला वाटायचं एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित. काकांनी पुन्हा मार्जिनमध्ये हिशेब केला. समजा गाडीच्या पत्र्यावर फेज आली आणि अर्थिंग ६ ओहमचं आहे. २३० भागिले ६, म्हणजे ३८ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला एका झटक्यात उडायला त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ८० च्या वर लागतात. ३८ ला तो विचार करत बसतो, काही सेकंद, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ दार चावत राहणार. आणि माणसाच्या छातीतून ५०-१०० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. एमसीबीच्या दृष्टीने ते काहीच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, तुम्ही नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर असतं ना, तसा. फेजमधून गेले किती, न्यूट्रलमधून परत आले किती, एवढंच मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की कुणीतरी भलत्या वाटेने बाहेर पडतंय असं समजून सगळं बंद करतो, सेकंदाच्या काही शतांशात. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर तो बदलायचा. किंमत? आपण तिघं एका शुक्रवारी बाहेर जेवतो तेवढी. तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे का तो? आज घरी गेल्यावर बघा. आणि 'मला काय करायचंय, माझ्याकडे कॅम्पर कुठे आहे' असं म्हणू नका. तुमच्यातले निम्मे जण सध्या इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार घेण्याच्या विचारात आहेत, आणि दिवाळीला गावी गेल्यावर ती आजोबांच्या पडवीतल्या अशाच एखाद्या पॉइंटला लावणार आहेत.

बाहेरच्या देशांत या गाड्यांचं वेगळंच शास्त्र आहे. युरोपात कॅराव्हॅन पार्कमध्ये निळी, गोल, झाकणवाली १६ अँपिअरची सॉकेटं असतात, पावसाला न घाबरणारी. अमेरिकेत ३० अँपिअरचा आरव्हीचा प्लग हा १२० व्होल्टचा, पण दिसायला कपडे सुकवायच्या मशीनच्या २४० व्होल्टच्या प्लगसारखा. कधी घरचा इलेक्ट्रिशियनच फसतो आणि २४० देऊन बसतो. फ्रीज, मायक्रोवेव्ह, सगळं एका क्षणात स्वाहा. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता वगैरे सोयींसकट. पण आपण शेवटी गाडी लावणार मावशीच्याच अंगणात, हे धोरण करणाऱ्यांना कोण सांगणार?

त्या रात्री आम्ही गाडी पुन्हा जोडली. या वेळी तीन कोअरची अडीच स्क्वेअरची केबल, मध्ये एकही कन्व्हर्टर नाही, पूर्ण उलगडलेली. काकांनी क्रम पाठ करून घेतला. आधी गाडीतलं सगळं बंद. मग केबल गाडीला, आणि शेवटी घराला. काढताना उलटं, आधी घरातून, मग गाडीतून. म्हणजे वीज असलेलं टोक मोकळं हातात कधीच येत नाही. (दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लोडशेडिंगच्या काळात मी डोळ्यांनी पाहिली आहे. जनरेटर घराला जोडायला. त्या दिवसांत माणसं वाचली कशी हेच नवल. आणि तिकडे खांबावर चढलेल्या लाइनमनला बंद समजलेल्या तारेत आपल्या घरची वीज भेटायची, ते वेगळंच.) प्लगाच्या आधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. जॉइंट जमिनीवर नाही, पडवीच्या छपराखाली. एसी चालू असेल तर किटली नाही. इंडक्शनची शेगडी आणि एसी आणि किटली मिळून वीस अँपिअर होतात, हे आता बँकवालाही तोंडी सांगतो.

वायरमनने जाण्याआधी आरसीसीबीचं बटण दाबून दाखवलं होतं. खट. मावशीने "बघू" म्हणून स्वतः दाबलं. खट. काकांनी परत चालू केलं, तिने परत दाबलं. तिसऱ्या वेळी काका हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

रविवारी सकाळी निघालो. गोदेला पाणी चढलं होतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय यावर काकांची शेजाऱ्यांशी पैज लागली होती. केबल काढली, आधी घरातून, मग गाडीतून. मावशी चिवड्याचा डबा घेऊन आली. आज दार अजिबात चावणार नाही, गाडी कशालाच जोडलेली नाही, मी तिला दोनदा सांगितलं. तिने मान हलवली, पायातल्या चपलांकडे एकदा बघितलं, आणि डबा खिडकीतून दिला.